स्टीमवरील मुखचित्राची पारख: 'बारव' खेळाच्या प्रकल्प नोंदी

7 जुलै 2025

आमच्या 'बारव' या खेळाचा डेमो, म्हणजे खेळून पाहण्याचा छोटा नमुना, स्टीम या संगणक खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या ऑक्टोबरमधील नेक्स्ट फेस्ट या महोत्सवात उतरवायचे आज पक्के झाले. हा महोत्सव वर्षातून तीनदा, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर या महिन्यांत भरतो. यंदाचा ऑक्टोबरचा महोत्सव 13 ते 20 तारखेदरम्यान आहे आणि कोणत्याही खेळाला त्यात एकदाच भाग घेता येतो, त्यामुळे दुकानाच्या पानावरचे तात्पुरते चित्र काढून तेथे कायमचे मुखचित्र बसवण्याचे काम त्याआधी पुरे व्हायला हवे. चित्र काढणे हे आमच्या चित्रकारांचे काम आहे. ते पारखण्याचे, म्हणजे दुकानात ठेवल्यावर ते आपले काम करते की नाही हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि त्या पारखीच्या नोंदी येथे ठेवत आहे.

नंतर रुजू होणाऱ्या सहकाऱ्यांसाठी खेळाचे सूत्र थोडक्यात लिहितो. खेळ पझल-प्लॅटफॉर्मर प्रकारातला, म्हणजे चढत-उतरत कोडी सोडवण्याचा आहे. एक मुलगी पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत उतरते आणि तिला पोहता येत नाही. गावाकडे मुले विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळलेला भोपळा बांधतात, तसा भोपळा तिच्यापाशी आहे. तो बांधलेला असला की पाणी चढेल तशी ती वर येते, आणि सोडला की श्वास पुरेल तेवढा वेळ ती बुडालेल्या पायऱ्यांवरून चालू शकते. मोट ओढून पाणी उपसायचे आणि मोरी उघडून ते परत आत घ्यायचे, एवढ्या दोनच क्रियांवर सगळी कोडी उभी आहेत.

मुखचित्राकडून माझी मागणी यातूनच निघते. पाण्याची पातळी बदलणे हा या खेळातला विचार आहे आणि तो चित्रात दिसला पाहिजे. विहीर सुंदर दिसावी, वातावरण गूढ वाटावे, या इच्छा रास्त आहेत, पण त्या दुसऱ्या क्रमांकावर. कोड्यांच्या खेळाचे चित्र पाहून 'येथे मला डोके कशात घालायचे आहे' याचा अंदाज येत नसेल, तर ज्याला तो खेळ आवडला असता तोच माणूस पुढे निघून जातो.

9 जुलै 2025

मापे आणि नियम. स्टीमवर मुखचित्र म्हणून एकच चित्र देऊन भागत नाही, एकाच कल्पनेच्या वेगवेगळ्या आकारांच्या आवृत्त्या द्याव्या लागतात आणि त्यांना तेथे कॅप्सूल म्हणतात. हेडर कॅप्सूल 920 × 430 पिक्सेलची असते आणि ती खेळाच्या पानाच्या माथ्यावर व शिफारशींत दिसते. स्मॉल कॅप्सूल 462 × 174 ची असते आणि शोधाच्या निकालांत व याद्यांत येते. पहिल्या पानावरच्या फिरत्या पट्टीसाठी 1232 × 706 ची मुख्य कॅप्सूल लागते, आणि मोठ्या सवलतींच्या पानांसाठी 748 × 896 ची उभी. खेळ विकत घेतल्यानंतर खेळाडूच्या स्वतःच्या संग्रहात, म्हणजे स्टीमच्या भाषेत ग्रंथालयात, दिसणारी चित्रे आणखी वेगळी.

या सगळ्यांत सर्वांत निष्ठुर स्मॉल कॅप्सूल आहे, कारण आपण दिलेल्या चित्रावरून स्टीम आपोआप आणखी लहान आवृत्त्या काढते, आणि त्यांतली सर्वांत लहान 120 × 45 पिक्सेलची असते. पंचेचाळीस पिक्सेल उंचीत पायऱ्या, कमानी, मुलगी, भोपळा आणि नाव एवढे सगळे मावत नाही. म्हणून पारखीची सुरुवात मी याच आकारापासून करणार आहे. मोठ्या पडद्यावर चित्र पाहून आधी जीव जडला, की त्याच चित्राची लहान आवृत्ती तटस्थपणे पाहणे अवघड होते.

स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने 1 सप्टेंबर 2022 पासून लागू केलेल्या नियमांनुसार कॅप्सूलवर खेळाचे चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच चालते. परीक्षणांतील वाक्ये, गुण, पुरस्कारांची चिन्हे, सवलतीचा मजकूर यांतले काहीही कायमच्या कॅप्सूलवर चालत नाही. मोठ्या सुधारणेची जाहिरात करायची असल्यास तात्पुरते चित्र लावता येते, पण त्यालाही मुदत असते. मला हे बंधन स्वागतार्ह वाटते. लहान संघांच्या खेळांना पुरस्कारांच्या पानाफुलांआड लपण्याची सोय राहिली नाही आणि चित्राला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते.

14 जुलै 2025

शेजाऱ्यांचा अभ्यास. आमचे चित्र एकटे कधीच दिसणार नाही, याच प्रकारच्या इतर खेळांच्या रांगेत दिसेल, म्हणून या प्रकारातल्या गाजलेल्या खेळांनी आपली ओळख कशी घडवली ते पाहत आहे.

'लिम्बो' (2010) हा खेळ पूर्णपणे काळा-करडा आहे. त्यातला मुलगा म्हणजे एक काळी आकृती आणि डोळ्यांचे दोन पांढरे ठिपके. त्याच स्टुडिओच्या 'इनसाइड' (2016) मध्ये फिकट, विटलेल्या जगात मुलाचा लाल शर्ट तेवढा उठून दिसतो. 'फेझ' (2012) मधल्या पांढऱ्या गोमेझच्या डोक्यावर लाल टोपी आहे, आणि ती टोपी हीच खेळातली दृष्टी बदलणारी वस्तू आहे. 'थॉमस वॉज अलोन' (2012) मध्ये तर पात्रे म्हणजे निव्वळ रंगीत आयत आहेत.

या सगळ्यांत मला एक समान धागा दिसतो. प्रत्येकाकडे एक अशी छोटी खूण आहे जी चित्र कितीही आक्रसले तरी टिकते: दोन डोळे, एक शर्ट, एक टोपी. 'फेझ'ची खूण त्याहून पुढे जाते, कारण टोपी ओळखही सांगते आणि खेळाचा नियमही सांगते. आमच्याकडे अशी वस्तू आयती आहे. भोपळ्याशिवाय आमच्या खेळातले एकही कोडे सुटत नाही.

'लिम्बो'कडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. स्टीमचे पान गडद आहे, तरीही हा काळोखा खेळ त्यावर हरवत नाही, कारण काळी आकृती फिकट धुक्यापुढे उभी असते आणि सर्वांत उजळ भाग आकृतीच्या पाठीमागे असतो. आमची विहीर काळ्या बसाल्टची आहे, त्यामुळे हा प्रश्न आम्हालाही सोडवावा लागणार.

21 जुलै 2025

चित्रकारांनी आज तीन कच्चे आराखडे दिले. तिन्ही आराखडे साताऱ्याजवळच्या लिंब गावातील बारा मोटेच्या विहिरीत बसून केलेल्या रेखाटनांवर आधारलेले आहेत. वीरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधलेली ही अष्टकोनी विहीर सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट व्यासाची आहे. वर मोटा लावण्याच्या जागा आहेत, आणि मुख्य विहिरीला जोडून आत एक छोटा महालच आहे. खेळातली बारव हुबेहूब ती नाही, पण दगडांचे थर, कमानींची उंची आणि वरून येणारी उन्हाची तिरीप तेथूनच आली आहे.

पहिला आराखडा काठावरून खाली पाहिल्यासारखा आहे. अष्टकोनी तोंड, खोल उतरत जाणारा काळोख, तळाशी चमकणारे पाणी आणि एका कोपऱ्यात ठिपक्याएवढी मुलगी. दुसऱ्यात मुलीचा चेहरा जवळून दिसतो आणि तिच्या डोळ्यांत पाणी परावर्तित झाले आहे. तिसऱ्यात विहीर मधोमध कापून दाखवली आहे. वर कोरड्या पायऱ्या आणि ऊन, खाली पाण्यात बुडालेल्या त्याच पायऱ्या, आणि दोहोंच्या सीमेवर भोपळा बांधलेली मुलगी तरंगते आहे.

चेहऱ्याचा आराखडा आम्ही आजच बाजूला ठेवला. चित्र म्हणून तो उत्तम आहे, पण तो संवादप्रधान कथेचा वाटतो आणि आमच्या खेळात संवादच नाहीत.

दगडातील कोरीव सिंह मोठा करून पुढे घ्यावा, अशी सूचना चर्चेत आली होती. मी तिला विरोध केला. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी' (2020) मध्ये नायिकेच्या हाती त्रिशूळ आहे आणि तो खेळ लढाईचा असल्याने ते यथायोग्यच आहे. आमच्या खेळात शस्त्र नाही, शत्रू नाही, देवतांची कथाही नाही. सिंह पुढे आला की पाहणारा लढाईची अपेक्षा धरून येईल आणि पहिल्या दहा मिनिटांत निराश होऊन परत जाईल.

25 जुलै 2025

काठावरून दिसणाऱ्या बारवेच्या आराखड्यावर आज पूर्ण दिवस दिला, कारण संघातल्या बहुतेकांची पसंती त्यालाच आहे आणि ती का आहे हे मला नीट समजून घ्यायचे होते.

या आराखड्याच्या बाजूने सर्वांत भक्कम उदाहरण 'इको' या खेळाचे आहे. 2001 साली प्लेस्टेशन 2 वर आलेल्या या खेळाच्या जपानी आणि युरोपीय आवृत्तींचे मुखचित्र खुद्द दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी रंगवले, आणि त्यावर जॉर्जो दि किरिको या इटालियन चित्रकाराचा प्रभाव उघड आहे: रिकामे अंगण, लांब सावल्या, प्रचंड वास्तू आणि तीत धावणाऱ्या दोन चिमुकल्या आकृती. उत्तर अमेरिकेत मात्र त्याच खेळाला वेगळे मुखचित्र दिले गेले, ज्यात पात्राला जवळून पुढे आणले होते. ती दोन मुखचित्रे शेजारी ठेवून पाहिली तर उएदा यांचे चित्र आजही मनात घर करते. अवाढव्य वास्तू आणि तीत एकटे मूल हा त्या खेळाचा गाभा होता, आणि चित्राने नेमके तेच सांगितले.

पण ते मुखचित्र हातात धरायच्या डबीवर छापले जात होते. पाहणारा ती डबी उचलून, डोळ्यांजवळ आणून, उलटून पाहू शकत होता. आमच्या आराखड्यातील मुलगी 616 पिक्सेल रुंदीच्या चित्रात 30 पिक्सेल उंच आहे, तेच चित्र 120 पिक्सेल रुंद केले तर तिच्या वाट्याला जेमतेम सहा पिक्सेल येतात. सहा पिक्सेलमध्ये मुलगी आणि दगडावरचा डाग यांत फरक करता येत नाही, भोपळा तर दूरच. अष्टकोनाचे तोंडही त्या आकारात एक काळे भोक तेवढे उरते.

चित्रकारांना मी हे दाखवले तेव्हा त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. त्यांच्या मते वरून पाहिलेल्या विहिरीत खोली दिसते, पण पातळी दिसत नाही. पाणी कुठवर आहे हे कळायला ते बाजूनेच पाहावे लागते. माझ्या सगळ्या मोजमापांपेक्षा हा मुद्दा जास्त निर्णायक आहे. काठावरचे दृश्य ग्रंथालयातील मोठ्या पार्श्वचित्रासाठी राखून ठेवायचे ठरले. तेथे ते 3840 × 1240 एवढ्या ऐसपैस जागेत बसेल आणि त्याला पूर्ण न्याय मिळेल.

1 ऑगस्ट 2025

कापाच्या आराखड्याची रंगीत आवृत्ती आली. तिची तपासणी आज आकड्यांनी केली.

दोन रंगांच्या उजळपणातील फरक मोजण्यासाठी संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत एक गुणोत्तर दिलेले आहे. शुभ्र आणि काळा यांच्यात ते 21 : 1 असते, दोन सारख्याच उजळपणाच्या रंगांत 1 : 1. साध्या मजकुराला किमान 4.5 : 1 आणि मोठ्या अक्षरांना किंवा अर्थवाही आकृतींना किमान 3 : 1 असावे, असे ती तत्त्वे सांगतात. ती खेळांच्या मुखचित्रांसाठी लिहिलेली नाहीत, पण डोळा तोच असल्याने मला हा मापदंड उपयोगी वाटतो.

पहिले मोजमाप कडांचे. चित्राच्या कडेला बसाल्टची जी छटा आहे (लाल 38, हिरवा 36, निळा 34) ती आणि स्टीमच्या पानाची गडद निळी छटा (27, 40, 56) यांच्यातले गुणोत्तर सुमारे 1.04 : 1 आले. याचा अर्थ चित्र कुठे संपते आणि पान कुठे सुरू होते हेच दिसत नाही. कॅप्सूलचा आयत विरघळतो आणि शेजारच्या भडक चित्रांच्या मध्ये एक रिकामी जागा असल्याचा भास होतो. उपाय म्हणून वरच्या कडेला ऊन खाल्लेल्या दगडाची पिवळट पट्टी आणायची आणि खालच्या कडेला पाणी थेट टेकवायचे, म्हणजे काळा दगड चित्राच्या मध्यावर राहील व कडा मोकळ्या होतील, असे चित्रकारांनी सुचवले आहे.

दुसरे मोजमाप मुलीचे. तिने कुंकवाच्या रंगाचा परकर घातला आहे (178, 50, 40) आणि मागे हिरवट निळे पाणी आहे (31, 107, 117). मोठ्या पडद्यावर ही जोडी अतिशय देखणी दिसते. मात्र दोन्ही रंगांचा उजळपणा जवळपास सारखा आहे आणि गुणोत्तर 1.01 : 1 येते. चित्र राखाडी छटांत बदलून पाहिले तेव्हा परकर पाण्यात नाहीसा झाला आणि मुलीचे डोके व भोपळा तेवढे दिसत राहिले. लाल-हिरव्यात फरक न करता येणाऱ्या डोळ्यांना काय दिसेल याचे अनुकरण केल्यावरही परकर मळकट तपकिरी होऊन मागे सरकला.

परकराचा रंग बदलू नये, असे मी सुचवले आहे, कारण खेळात तो याच रंगाचा आहे आणि मुखचित्रातली मुलगी खेळातल्या मुलीहून निराळी दिसू नये. त्याऐवजी पाठीवरचा भोपळा उजळवावा. खेळात भोपळा वाळलेल्या सालीचा, मातकट आहे. त्याला ऊन लागल्यावर जो हळदी रंग येतो (240, 180, 41) तो मुखचित्रात घेतला, तर पाण्याशी गुणोत्तर 3.3 : 1 होते. मुलीचे अस्तित्व मग भोपळ्यावरून कळेल. खूण म्हणून आम्हाला हवा होता तोच पदार्थ यातून पुढे येतो आहे, आणि याचा मला मनापासून आनंद झाला.

6 ऑगस्ट 2025

खेळ अजिबात न पाहिलेल्या लोकांना विचारण्याचा दिवस. पुण्यातील एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना दोन्ही आराखडे लहान आकारात, इतर खेळांच्या कॅप्सूलच्या रांगेत बसवून काही सेकंद दाखवले आणि नंतर पडदा झाकला. 'कोणते आवडले' हा प्रश्न मी मुद्दाम विचारला नाही. त्या प्रश्नाचे उत्तर देताना माणूस परीक्षक होतो आणि दुकानात तो परीक्षक नसतो. मी विचारले ते एवढेच: या खेळात तुम्हाला काय करावे लागेल असे वाटते?

काठावरच्या दृश्याला 'भुताचा खेळ', 'खाली पडायचे नाही असा खेळ', 'देवळातला खजिना' अशी उत्तरे आली. कापाच्या आराखड्याला 'पाणी वर-खाली करायचे असेल', 'बुडायचे नाही', 'पाणी भरत जाते आणि त्याआधी वर पोहोचायचे' अशी उत्तरे आली. शेवटच्या उत्तरात घाईची कल्पना आहे आणि आमच्या खेळात घाई नाही, पाणी खेळाडूने हलवल्याशिवाय हलत नाही. ही गल्लत कुठून आली याचा शोध घेतला, तेव्हा लक्षात आले की आराखड्यात पाण्यावर फेस आणि उडणारे थेंब आहेत. खळाळणारे पाणी चढत असल्यासारखे वाटते. संथ, आरशासारखा पृष्ठभाग केला तर ते थांबलेले वाटेल आणि पुढची हालचाल पाहणाऱ्याच्या हाती आहे असे सुचेल.

भोपळ्याबद्दल मात्र एकमत नव्हते. ग्रामीण भागातून आलेल्यांनी तो लगेच ओळखला, शहरात वाढलेल्या काहींना तो मटका वाटला, एकीला पाठीवरची पिशवी वाटली. माझ्या मते हे चालण्यासारखे आहे. वस्तू गोल, पोकळ आणि पाठीला बांधलेली आहे इतके कळले की पुरे. तिचा उपयोग खेळाच्या पहिल्याच कोड्यात कळतो. तरी तो भोपळाच दिसावा म्हणून त्याचा देठ थोडा लांब आणि वाकडा करायचे ठरले.

12 ऑगस्ट 2025

उभ्या विहिरीला आडव्या चौकटीत बसवण्याचा प्रश्न. 748 × 896 च्या उभ्या कॅप्सूलमध्ये काप सहज बसतो, वर मोट, मधे मुलगी, खाली बुडालेल्या पायऱ्या. हेडर मात्र रुंदीच्या निम्म्याहूनही कमी उंच आहे आणि तीत विहीर दाखवायला गेले की ती हौदासारखी दिसते.

चित्रकारांनी बऱ्याच मांडण्या करून पाहिल्या. शेवटी टिकली ती अशी: विहिरीच्या दोन्ही भिंती चौकटीबाहेर ढकलायच्या, पाण्याची रेषा पूर्ण रुंदीभर आडवी जाऊ द्यायची, आणि पायऱ्या डावीकडून तिरप्या उतरत रेषेखाली जाऊ द्यायच्या. पाण्याबाहेर पायरीचा जो कोन आहे तोच पाण्याखाली फिकट, किंचित मोडलेला दिसतो. विहीर किती खोल आहे हे सांगण्याची जबाबदारी अशा रीतीने भिंतींकडून पायऱ्यांकडे गेली. मुलगी उजव्या तृतीयांशात, रेषेवर. नाव डावीकडे, पाण्याच्या भागात, फिकट चुनखडी रंगात (243, 226, 190). त्या अक्षरांचे पाण्याशी गुणोत्तर 4.8 : 1 आहे, म्हणजे मजकुराच्या कडक निकषालाही ते उतरते.

पाण्याची रेषा अक्षरांच्या मधून न्यावी आणि अक्षरांचा खालचा भाग लहरत ठेवावा, ही कल्पना मोहक होती. मुख्य कॅप्सूलमध्ये ती शोभलीही. 120 पिक्सेलमध्ये मात्र अक्षरांचा खालचा अर्धा भाग गढूळ झाला, म्हणून ती सोडून दिली.

स्मॉल कॅप्सूलमध्ये चित्र जवळजवळ सोडूनच द्यायचे. तेथे नावाने बहुतेक जागा व्यापावी अशीच स्टीमचीही शिफारस आहे. नाव, त्याखाली रेषा आणि रेषेवर हळदी रंगाचा एक गोल, एवढेच ठेवले आहे.

20 ऑगस्ट 2025

नावाच्या अक्षरांकडे आज वळलो. स्टीमवर नाव रोमन लिपीत जाईल. तेथे फार अडचण नाही. शेवटच्या ए आणि व्ही या तिरप्या अक्षरांमध्ये उगाच फट दिसत होती, ती कमी केली. इच डॉट आयओ या खेळांच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मात्र आम्ही मराठी आवृत्तीही ठेवणार आहोत आणि तिच्या मुखचित्रावर (तेथे 630 × 500 हे माप सुचवलेले आहे) नाव देवनागरीत हवे आहे. रोमन नाव तयार झाले, आता तेच देवनागरीत लिहून टाकू, अशा वृत्तीने मराठी अक्षरे करण्याची जी पद्धत जाहिरातींत रूढ झाली आहे ती मला अजिबात मान्य नाही, म्हणून या कामाला स्वतंत्र वेळ मागून घेतला.

जाड, गोलसर टंकात नाव लिहून लहान केले तेव्हा दोन ठिकाणी वाचन बिघडले. पहिले ठिकाण ब. त्याच्या पोटातली तिरपी रेघ आणि भोवतीचे गोल यांच्यातली जागा भरून गेली, आणि ब व व यांत फरक उरला नाही. नाव 'वारव' असे वाचले जाऊ लागले. दुसरे ठिकाण शेवटची दोन अक्षरे. र आणि व जवळ आले की त्यांचा ख दिसतो. छापील ख मध्ये र चा पाय आणि व चा गोल जोडून घेण्याची रीत याच घोटाळ्यापायी आहे, पण घाईने पाहणारा ते जोडले आहेत की नाहीत हे तपासत बसत नाही. अक्षरांमधली जागा नेहमीच्या सवयीने आवळली असती तर लहान आकारात आमच्या खेळाचे नाव 'बाख' झाले असते.

त्यावर केलेले बदल असे. अक्षरांची जाडी कमी केली. ब चे पोट रुंद करून आतली रेघ बाहेरच्या गोलापेक्षा बारीक ठेवली. र चा पाय आखूड करून उजवीकडे सरकण्याऐवजी खाली वळवला, आणि र व व यांच्यात इतर अक्षरांपेक्षा थोडी जास्त जागा सोडली. शिरोरेषा मात्र अखंड ठेवली आहे, कारण ती तुटली तर शब्दाचे तुकडे होतात. शिरोरेषेलाच पाण्याची रेषा करून अक्षरे पाण्याखाली लोंबती ठेवण्याचा प्रयोग चित्रकारांनी स्वतःहून केला. तो लहान आकारातही टिकला, कारण तेथे अक्षरांना धक्का न लावता रेषेला काम मिळते. देवनागरी मुखचित्र मला आता रोमन मुखचित्राहून अधिक आवडते.

10 सप्टेंबर 2025

गणेशोत्सवानंतर सर्व जण कामावर परतले. सुधारलेली चित्रे नव्या नजरेने पाहता आली, याचा फायदा झाला. संथ पाणी, उजळ काठ, हळदी भोपळा, मोकळ्या कडा हे सारे जागच्या जागी आहे. राखाडी छटांत मुलगी आता भोपळ्यामुळे शोधावी लागत नाही. चित्र धूसर करून पाहिले तरी तीन गोष्टी उरतात: वरचा उजळ पट्टा, खालचा गडद निळा भाग आणि सीमेवरचा पिवळा गोल. एवढे उरणे मला पुरेसे वाटते.

एक त्रुटी राहिली होती. मोटेचा दोर वरून खाली येत मुलीच्या डोक्यामागून जात होता आणि लहान आकारात ती दोराला लटकल्यासारखी वाटत होती. दोर डावीकडे सरकवला.

18 सप्टेंबर 2025

चित्र लावल्यानंतर त्याचे यश कसे मोजायचे यावर आज बैठक झाली. स्टीमवर विकासकाला आपले कॅप्सूल किती वेळा दिसले, त्यावरून किती जण पानावर आले आणि ते कोणत्या विभागातून आले, हे आकडे मिळतात. पण दोन चित्रे एकाच वेळी अर्ध्या-अर्ध्या लोकांना दाखवून तुलना करण्याची सोय तेथे नाही. तशी सोय गूगल प्लेवर आहे, मात्र आमचा खेळ तेथे येणार नाही. त्यामुळे जुने चित्र काढून नवे लावल्यावर आकडे वाढले, तरी ती वाढ चित्रामुळेच झाली असे म्हणता येणार नाही. महोत्सवाच्या आठवड्यात दाखवण्याची ठिकाणेच बदलतात, आणि शोधातून येणारा माणूस व महोत्सवाच्या यादीतून येणारा माणूस सारख्या इच्छेने येत नाहीत.

म्हणून नवे चित्र महोत्सवाच्या बरेच आधी लावायचे आणि तुलना करताना एकाच विभागातले आकडे घ्यायचे, असे ठरले. त्यासोबत डेमो खेळून लगेच बाहेर पडणाऱ्यांकडेही लक्ष ठेवावे, असा माझा आग्रह आहे. क्लिक वाढले आणि पहिल्याच कोड्यावर लोक सोडून जाऊ लागले, तर चित्राने चुकीच्या माणसांना बोलावले असे मी मानेन, मग आकडा कितीही सुखावणारा असो.

26 सप्टेंबर 2025

हेडर, स्मॉल, मुख्य आणि उभी अशा चारही कॅप्सूल आज स्टीमवर चढवल्या. ग्रंथालयासाठीची 600 × 900 ची कॅप्सूल उभ्या कॅप्सूलवरून केली आहे, फक्त नाव खाली आणून मोट थोडी मोठी केली. काठावरून दिसणारी बारव ग्रंथालयाच्या पार्श्वचित्रात गेली. त्या चित्रावर मजकूर चालत नाही, नाव वेगळ्या पारदर्शक फाइलमध्ये द्यावे लागते, आणि खिडकी लहान-मोठी झाली की चित्राच्या कडा कापल्या जातात, म्हणून मुलीला मध्याजवळच्या सुरक्षित भागात आणले आहे.

इच डॉट आयओवरचे देवनागरी मुखचित्र पुढच्या आठवड्यात जाईल. चित्रकारांना त्यातल्या र चा पाय अजून थोडा जड वाटतो आहे, आणि मलाही तसेच वाटते.